‘वय झालं’ हे आजाराचं नाव नाही



पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाने घरात काही तक्रार केली की आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. पहिले, “आता वय झालं, असं चालायचंच.” दुसरे, “गॅस झाला असेल, सोडा घ्या.” आणि दोन-चार दिवसांत उतार पडला नाही की तिसरे, “बाहेरचं काही तरी दिसतंय, एकदा दाखवून घ्या.” या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. तिन्हींमध्ये कारण शोधण्याचे काम टाळलेले असते.

मी डॉक्टर नाही. कचेरीत कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी, कधी रजा टाकून, वस्तीतील आजारी माणसांबरोबर दवाखान्यात जातो. केसपेपर काढणे, रांगेत थांबणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना समजावून सांगणे एवढेच माझे काम. पण हे काम करता करता एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्याला आपण ‘न कळणारा आजार’ म्हणतो, त्यातले बरेचसे आजार कळण्यासारखे असतात. ते कळत नाहीत, कारण पूर्ण हकिगत डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. आज याच विषयावर बोलू.

उतारवयात आजार वेष बदलतो

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला की अंग तापाने फणफणते, खोकला येतो, छातीत दुखते. सत्तरीच्या माणसाला तोच आजार झाला तर ताप येईलच असे नाही. तो जेवण सोडतो, अंथरूण धरतो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते, म्हातारपण आले. म्हणजे आजार तोच, पण त्याची ओळख पटत नाही.

दुसरे कारण असे की या वयात आजार एकटा येत नाही. शुगर असते, बीपी असते, गुडघे दुखत असतात. तिन्हींसाठी तीन डॉक्टर आणि सात-आठ प्रकारच्या गोळ्या. एका डॉक्टरने काय दिले हे दुसऱ्याला माहीत नसते. नवी तक्रार कोणत्या आजाराची, की एखाद्या गोळीची, हे सांगणे जाणत्या डॉक्टरलाही सोपे नसते.

तिसरे कारण आपल्याच घरातले आहे. ज्याने आयुष्यभर हमाली केली, गवंड्याच्या हाताखाली काम केले, कारखान्यात रात्रपाळ्या केल्या, तो माणूस दुखणे अंगावर काढायला शिकलेला असतो. आणि आपल्या आया-बहिणी तर विचारल्याशिवाय बोलतच नाहीत. “पोराच्या पगारात माझ्या तपासण्या कशाला?” असे म्हणून निम्मे दुखणे गिळून टाकतात. उरलेले निम्मे डॉक्टरला सांगतात.

तळव्यांची आग

आपल्या देहूरोड भागातील एका गृहस्थांची हकिगत सांगतो. नाव कशाला हवे? वय अठ्ठावन्न. आठ-नऊ वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू. रात्री तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. पायातली चप्पल निसटली तरी कळायचे नाही. अंधारात चालताना भेलकांडायचे. शेजाऱ्यांना वाटले, पिऊ लागले की काय! बायकोने तेल चोळले, कोणी ‘वात’ म्हणाले. एका खाजगी दवाखान्यात कमरेचा एक्स-रे काढून “मणक्यात गॅप आहे” असे सांगितले आणि वर्षभर वेदनाशामक गोळ्या दिल्या. फरक शून्य.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पन्नाशीनंतर मणक्याचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यात थोडीफार झीज दिसतेच. झीज दिसली म्हणून तक्रारीचे कारण तीच, असे होत नाही.

शेवटी एका सरकारी डॉक्टरांनी दोन साधे प्रश्न विचारले. “जिभेची आग होते का?” आणि “तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का?” दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले. आपला तोल सांभाळायला पायांच्या नसा, कानातील एक भाग आणि डोळे असे तिघे मिळून काम करतात. पायांच्या नसा अधू झाल्या की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. अंधार झाला किंवा तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तो आधारही जातो. रक्त तपासले तेव्हा बी-१२ हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत जीभ बरी झाली, तोल सुधारला. तळव्यांचा बधिरपणा मात्र थोडा राहिला, कारण नसांना झालेली इजा फार दिवसांची असली की ती पूर्ण भरून निघत नाही. उशीर झाला त्याची ही किंमत.

हे प्रकरण एकट्या-दुकट्याचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे परिसरातील खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त त्यांनी तपासले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होते. ही माणसे आजारी म्हणून दवाखान्यात आलेली नव्हती, रोजचे कामधंदे करणारी होती. सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात आढळली.

बी-१२ आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही. कोणी म्हणेल, आमच्या घरात तर मटण-मासळी चालते. चालते, पण दात गेलेले आजोबा ती खातात का? महागाईत आठवड्यातून किती वेळा होते? झालेच तर आईच्या ताटात रस्सा आणि पोरांच्या ताटात फोडी, अशीच वाटणी असते ना? शिवाय शुगरसाठी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्या यांमुळेही शरीरात बी-१२ कमी शोषले जाते. म्हणून मेटफॉर्मिन बंद करायची नाही, ती चांगली गोळी आहे. पण ती अनेक वर्षे चालू असेल तर “एकदा बी-१२ तपासू या का?” असे डॉक्टरांना जरूर विचारावे. थकवा, चिडचिड, विसराळूपणा यांच्यामागेही कधी कधी हीच कमतरता असते.

आजार एक, तक्रारी अनेक

देहूरोडच्या माणसाला २५ डिसेंबर १९५४ ही तारीख सांगावी लागत नाही. त्या दिवशी बाबासाहेबांच्या हस्ते येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. पण त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात ते आजारपणामुळे अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांची दृष्टीही अधू झाली होती, हे आपण फारसे आठवत नाही. त्यांना मधुमेह होता. १९४८ च्या सुरुवातीला, राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असतानाच, पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नव्हती. इन्शुलिन चालू होते. उपचारासाठी ते मुंबईला येत. तेथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. पाय दुखतात ही एक तक्रार, डोळ्यांना कमी दिसते ही दुसरी, जखम भरत नाही ही तिसरी, रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते ही चौथी. आपण चार तक्रारींसाठी चार औषधे आणतो. प्रत्यक्षात मधुमेह जुना झाला की नसा, डोळे, मूत्रपिंड, हृदय या सगळ्यांवर हात टाकतो. बाबासाहेबांच्या काळी घरच्या घरी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणीही नव्हती. आज दोन्ही आहेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून खात्री करतात आणि मधुमेहाचे निदान होते. इतकी सोय असताना पाय बधिर होईपर्यंत थांबण्यात काय अर्थ आहे?

“सासूबाई आळशी झाल्या”

बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या एका भगिनी. पहाटे उठून दोन घरची धुणीभांडी करून यायच्या. हळूहळू उठणे होईना. वजन वाढले, पाय सुजल्यासारखे दिसू लागले, आवाज घोगरा झाला, उन्हाळ्यातही अंगावर चादर घ्यायच्या. पोट साफ होईना, केस गळू लागले. सून म्हणाली, “सासूबाई आळशी झाल्या.” शेजारणी म्हणाल्या, “पाळी जाण्याचं वय आहे, असं होतंच.” त्या स्वतः काहीच बोलेनात. रोज रडायच्या फक्त.

टीएसएच नावाची एकच रक्ततपासणी झाली आणि थायरॉइडचे काम मंदावल्याचे कळले. सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी, आणि मधून मधून तपासणी. दोन-तीन महिन्यांत बाई पुन्हा हिंडू-फिरू लागल्या. घरातले भांडणही मिटले. आजाराला नाव मिळाले की माणसावरचा ठपका निघून जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या बाईला वर्षभर ‘आळशी’ म्हटले गेले, तिचे मन त्या एका कागदाने हलके झाले.

असेच अंगातले रक्त कमी असण्याचे आहे. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली म्हणजे पंडुरोग. मात्र पाळी बंद झालेल्या बाईचे किंवा पन्नाशीच्या पुरुषाचे रक्त कमी निघाले तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. रक्त जाते कुठे, हे शोधावे लागते. मूळव्याध असेल, वेदनाशामक गोळ्यांनी पोटात झालेला व्रण असेल किंवा आतड्यातील गाठही असेल. संडासचा रंग डांबरासारखा काळा दिसत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

एका रात्रीत फिरलेले डोके

आता सर्वांत महत्त्वाचे. परवापर्यंत नीट बोलणारी आजी अचानक भलतेच बोलू लागते. मेलेल्या माणसांना हाका मारते, रात्री उठून दाराकडे जाते, दिवसा गुंगीत पडून राहते. अशा वेळी आपल्या वस्तीतही अजून कोणी ना कोणी कुजबुजतो, “लागीर झालं.” भगताकडे नेतात, लिंबू उतरवतात, अंगारा लावतात. त्यात दोन-तीन दिवस जातात आणि तेच दिवस मोलाचे असतात.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपल्याला निराळे शिकवायला नको. विसरभोळेपणाचा आजार महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत डोके फिरले तर तो बहुधा शरीराचा आजार असतो. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर एकदम उतरणे, अंगातले पाणी कमी होणे, लघवी तुंबणे, झोपेची नवी गोळी, असे काहीही असू शकते. यांतील बहुतेक कारणांवर उपचार आहे. म्हणून अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडून डोक्याला थोडे लागले होते, पण तेव्हा काही झाले नाही, असे असेल तर तेही सांगावे. उतारवयात मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साकळते आणि त्याचा त्रास काही आठवड्यांनी दिसतो. पडल्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात. डॉक्टरला ती स्वप्नात दिसणार नाही.

गॅस म्हणून सोडून देऊ नका

हृदयविकाराचा झटका म्हणजे छातीवर हात धरून कोसळणे, हे आपण सिनेमात पाहिले. शुगरच्या माणसाला, उतारवयातील माणसाला आणि विशेषतः बायकांना छातीत फारसे न दुखताही झटका येऊ शकतो. एकाएकी दरदरून घाम, धाप, पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ, एवढेच दिसते. अशा वेळी सोडा पाजून वाट पाहू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि लगेच ईसीजी काढून घ्यावा. ईसीजी नुसता ‘गॅस’ निघाला तर आनंदच आहे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे यालाही हाच नियम.

औषधाचाच त्रास

बीपीच्या काही गोळ्यांनी महिनोन् महिने कोरडा खोकला येतो. माणूस खोकल्याच्या बाटल्या पितो, पण खोकला जात नाही. गोळी बदलली की थांबतो. बीपीच्याच दुसऱ्या एका प्रकारच्या गोळीने घोट्यांना सूज येते. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडते, बीपी वाढतो. आणि ज्या बिननावाच्या पुड्यांनी सांधेदुखी ‘जादूसारखी’ थांबते, तोंड गोल होते, अंग सुजते, त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. या पुड्यांनी शुगर चढते, हाडे ठिसूळ होतात. पण एक लक्षात ठेवा. शंका आली म्हणून कोणतेही औषध, पुडीसुद्धा, स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नये. डॉक्टरांना दाखवून मग ठरवावे.

किर्द लिहा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, म्हणून माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. रोजच्या किर्दीत नोंदच नसेल तर खतावणी कशी होणार आणि ताळेबंद कसा जुळणार? आजाराचेही तसेच आहे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरपुढे शंभर माणसांची रांग असते. आपल्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. त्या मिनिटांत “अंग दुखतंय, बरं वाटत नाही” एवढेच सांगितले तर तो बिचारा तरी काय करील?

म्हणून वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी लिहून न्या. शाळेत जाणारी नात सुद्धा हे लिहू शकते.

१. मुख्य त्रास काय, आणि तो नेमका कधी सुरू झाला. तारीख आठवत नसेल तर ‘पावसाळ्याआधी’, ‘भावाच्या लग्नानंतर’ असे लिहा.

२. तो एकदम आला की हळूहळू. वाढतो आहे की तसाच आहे. दिवसा जास्त की रात्री.

३. त्याच सुमारास दुसरे काय बदलले. वजन, भूक, झोप, लघवी-संडास, चालणे, बोलणे, स्मरण. नवी गोळी, पडणे, घरातील मृत्यू, नोकरी सुटणे हेही लिहा.

४. आधीचे आजार, शस्त्रक्रिया. दारू, तंबाखू, मिश्री यांचा खरा हिशेब. येथे खोटे बोलून नुकसान आपलेच होते.

५. चालू असलेली सर्व औषधे. नावे लिहिता येत नसतील तर सगळी पाकिटे, बाटल्या, आयुर्वेदिक चूर्णे आणि पुड्या एका पिशवीत घालून पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा.

जुने केसपेपर आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. दर आठ दिवसांनी डॉक्टर बदलू नका. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो आणि गोळ्या तेवढ्या वाढतात. काही आजार पहिल्या भेटीत कळत नाहीत, पाहत राहावे लागतात. त्यासाठी तोच डॉक्टर आणि तीच फाइल हवी.

“सत्तर तपासण्या अमुक रुपयांत” अशा जाहिरातींच्या मागे लागू नका. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, लघवी, बीपी आणि गरज पडल्यास बी-१२ व ईसीजी, एवढ्या मोजक्या तपासण्यांत पुष्कळ गोष्टी उलगडतात. पुढची दिशा डॉक्टर ठरवतील. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, कारण नसताना घटणारे वजन, संध्याकाळचा ताप असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

कुठे जावे?

आपल्याला छावणी मंडळाचा दवाखाना जवळ आहे, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाता येते, आणि लोकलने पुणे स्टेशनला उतरले की ससून जवळच आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. औंधचे रुग्णालय त्यांतलेच.

ज्यांची कारखान्यात ईएसआय कापली जात होती, त्यांनी एक गोष्ट विसरू नये. निदान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाप्रमाणे निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कितीतरी निवृत्त कामगारांना हे माहीतच नाही. तुमच्या चाळीत, गल्लीत असे कोणी असतील तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

शेवटी महिला मंडळांना आणि तरुण मंडळांना एक विनंती. रविवारी वंदनेला विहारात जमतो तेव्हा अर्धा तास काढा. वहीचे एक पान, एक पेन घ्या आणि आपल्या शेजारी बसलेल्या आजी-आजोबांना विचारा, “काय होतंय? कधीपासून?” त्यांना मध्येच न तोडता सांगू द्या आणि ते म्हणतील तसे लिहून घ्या. लिहिलेले पान त्यांच्या फायलीत पहिले लावा. आणि पुढच्या वेळी त्यांच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, ते नाव तिथेच ठरवून टाका.

जयभीम!